शिरा हिरव्या, पान पिवळे : चाऱ्याच्या द्विदल पिकांतील मॅग्नेशियम

1. वालाला युरिया द्यावा का?

वालाची खालची पाने पिवळी पडू लागली की युरिया द्यावा का? पनवेल, उरण, पेण, अलिबाग या पट्ट्यात भातकापणीनंतर जमिनीतल्या ओलीवर वाल पेरला जातो आणि हिवाळा सरत आला की हा प्रश्न हमखास निघतो. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. पान पिवळे पडण्याची कारणे निदान सात-आठ आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांवर युरिया हा उपाय नव्हे. या प्रकरणात त्यांपैकी एकाच कारणाचा, म्हणजे मॅग्नेशियमच्या कमतरतेचा, विचार केला आहे. नत्र, स्फुरद, पालाश ही नावे गावोगाव पोहोचली आहेत. मॅग्नेशियमचे नाव विदर्भ-मराठवाड्यात कपाशीवरच्या ‘लाल्या’च्या निमित्ताने ऐकू येते, पण कोकणात आणि तेही चाऱ्याच्या पिकांच्या संदर्भात ते फारसे निघत नाही. ते निघायला हवे.

वाल हे चाऱ्याचे पीक कसे, असे कोणी विचारील. रायगड जिल्ह्यात वाल म्हणजे बिरडे, डाळिंब्या आणि थंडीतली पोपटी. शेंगा काढून घेतल्यावर उरलेला वेल, पाला आणि टरफले गुरांपुढे टाकतात, पण तो जोडलाभ मानला जातो. जगात इतरत्र मात्र याच वनस्पतीची गणना चराऊ द्विदल पिकांत होते. ऑस्ट्रेलियात 1960च्या दशकापासून ‘रोंगाई’ नावाचा वाल मुद्दाम गुरे चारण्यासाठी पेरला जातो. त्याचे मूळ बियाणे केनियातले. महाराष्ट्रात चाऱ्यासाठी घेतली जाणारी द्विदल पिके म्हणजे लसूणघास, बरसीम, चवळी, स्टायलो आणि दशरथ घास. यांपैकी कोणत्याही पिकाला मॅग्नेशियम कमी पडले, तर पानावर दिसणारी खूण साधारण सारखीच असते. म्हणून येथे वाल हे मुख्य उदाहरण धरले आहे.

2. पानात मॅग्नेशियम काय करते?

पानाचा हिरवा रंग ज्या द्रव्यामुळे येतो त्या हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिखार्ड विलश्टेटर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे दाखवून दिले आणि वनस्पतींतील रंगद्रव्यांवरच्या, विशेषतः हरितद्रव्यावरच्या, कामासाठी त्यांना 1915 चे नोबेल पारितोषिक मिळाले. हरितद्रव्याच्या मुख्य प्रकारात कार्बनचे 55, हायड्रोजनचे 72, ऑक्सिजनचे 5 आणि नत्राचे 4 अणू असतात; मॅग्नेशियमचा फक्त एक. वजनाने पाहिले तर रेणूचे 893 भाग धरल्यास मॅग्नेशियमचा वाटा 24, म्हणजे सुमारे 2.7 टक्के. एवढ्याशा वाट्यावाचून हरितद्रव्य तयारच होत नाही.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. पानातले सगळे मॅग्नेशियम हरितद्रव्यातच असते, असे बऱ्याच पुस्तिकांतून सुचवले जाते. प्रत्यक्षात चांगल्या पोसलेल्या पानात हरितद्रव्याकडे एकूण मॅग्नेशियमचा साधारण पाचवा भाग असतो. बाकीचे मॅग्नेशियम इतर कामांत गुंतलेले असते, आणि पिकाच्या दृष्टीने ती कामे रंगापेक्षा महत्त्वाची आहेत.

त्यांतली तीन कामे मोठी. पहिले ऊर्जेचे. पेशी आपली ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूत साठवतात. हा रेणू बहुतेक ठिकाणी एकटा वापरला जात नाही. त्याला मॅग्नेशियम चिकटलेले असावे लागते, तरच विकरे तो स्वीकारतात. दुसरे काम हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडण्याचे. हा वायू पकडणारे रुबिस्को हे विकर मॅग्नेशियम मिळाल्यावरच कार्यक्षम होते. तिसरे काम प्रथिने बांधण्याचे. प्रथिने ज्या रायबोसोमवर तयार होतात, त्यांची घडण मॅग्नेशियममुळे टिकून राहते. चाऱ्याचा कस प्रथिनांवर ठरतो, त्यामुळे पान हिरवे दिसत असले तरी हे तिसरे काम ढिले पडल्यास चारा हलका होतो.

3. साखर पानात अडकते

मॅग्नेशियम कमी पडले की पान उपाशी पडत असेल, असे वाटते. सुरुवातीला घडते ते बरोबर उलटे. पानात साखर आणि पिष्ट साचू लागते.

पानाने बनवलेली साखर शिरांमधल्या वाहक नळ्यांतून मुळांकडे, कोवळ्या शेंड्याकडे आणि शेंगांकडे जाते. या नळ्यांत साखर भरण्यासाठी ऊर्जा खर्च करावी लागते आणि ती ऊर्जा मॅग्नेशियम लागलेल्या एटीपीतून येते. मॅग्नेशियम अपुरे असले की भरणा मंदावतो. साखर तयार होत राहते, पण तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही. घेवड्याच्या रोपांवर इस्माईल चाकमाक आणि होर्स्ट मार्शनर या शास्त्रज्ञांनी 1990 च्या आसपास केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसले. मॅग्नेशियम न मिळालेल्या रोपांच्या पानांत साखर कितीतरी पटींनी साचली होती आणि मुळे खुरटली होती. त्याच रोपांना पुन्हा मॅग्नेशियम दिल्यावर दिवसभराच्या आत साखरेची वाहतूक सुरळीत झाली, म्हणजे पानावर पिवळेपणा कायम असतानाच आतले काम सुधारले होते. या प्रयोगाचा अर्थ असा की पिवळा रंग दिसतो तेव्हा नुकसान बरेच आधी सुरू झालेले असते. मुळे त्याआधीच मागे पडलेली असतात.

द्विदल पिकात ही गोष्ट आणखी पुढे जाते. वालाच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले जिवाणू हवेतला नत्र पकडून वेलाला देतात. हे काम फुकट होत नाही. नत्राचा एक रेणू फोडून त्याचा अमोनिया करायला जिवाणूंना एटीपीचे 16 रेणू खर्च करावे लागतात, आणि त्या प्रत्येकाला मॅग्नेशियम लागलेले असते. त्या एटीपीसाठी लागणारे इंधन म्हणजे पानातून खाली आलेली साखर. वरून साखर कमी आली आणि गाठीतही मॅग्नेशियम अपुरे असले, तर नत्र पकडण्याचे काम दोन्ही बाजूंनी कोंडीत सापडते. अशा वेलाला नत्राचीही चणचण भासते आणि पानावर दोन कमतरतांच्या खुणा एकत्र उमटतात. नुसता युरिया देऊन यातली एकच बाजू सावरते, तीही थोडे दिवस.

4. जुनी पाने आधी का पिवळी पडतात?

काही अन्नद्रव्ये पानात एकदा बसली की हलत नाहीत. चुना आणि लोह त्यांपैकी. मॅग्नेशियम हलते. जमिनीतून पुरेसे येत नसेल, तर वेल जुन्या पानांतले हरितद्रव्य मोडून त्यातले मॅग्नेशियम कोवळ्या पानांकडे पाठवतो. म्हणून कमतरता असली तरी शेंडा बराच काळ हिरवागार राहतो आणि झळ तळाच्या पानांना लागते.

वालाचे पान तीन पर्णिकांचे असते. मॅग्नेशियम कमी पडलेल्या वेलाचे तळाचे एखादे पान तोडून उजेडाकडे धरावे. आधी पर्णिकेच्या कडेकडचा आणि टोकाकडचा भाग फिकट होतो. मग ही फिकी छटा दोन शिरांच्या मधल्या जागेतून आत सरकते. मधली मोठी शीर आणि तिच्यापासून निघणाऱ्या बाजूच्या शिरा मात्र हिरव्या राहतात. देठाजवळचा भागही बराच काळ हिरवा दिसतो. दोन शिरांमधला पट्टा आधी पोपटी, मग पिवळा, शेवटी तपकिरी ठिपक्यांचा होतो. पान ठिसूळ होते आणि वेळेआधी गळते. काही जातींत पिवळ्याऐवजी तांबूस झाक येते. महत्त्वाचे म्हणजे मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना आणि तिन्ही पर्णिकांवर ही नक्षी साधारण सारखी असते.

उन्हाचा यात मोठा भाग आहे. साखर साचून राहिलेल्या पानाला पडणारा सगळा उजेड कामी लावता येत नाही. न वापरलेल्या उजेडाच्या ऊर्जेतून पेशीत घातक स्वरूपाचा ऑक्सिजन तयार होतो आणि तो हरितद्रव्याची नासधूस करतो. मॅग्नेशियम कमी असलेल्या घेवड्याच्या पानाचा काही भाग झाकून ठेवला, तेव्हा झाकलेला भाग हिरवा राहिला आणि उघडा भाग पिवळा पडला. दोन्ही भागांत मॅग्नेशियम जवळपास सारखेच होते. त्यामुळे बांधावरच्या झाडाच्या सावलीत वाल हिरवा आणि उघड्या शेतात पिवळा दिसला, तर दोन्हीकडची जमीन वेगळी आहे असे लगेच धरू नये.

5. सारखी दिसणारी दुसरी कारणे

पिवळेपणा कुठल्या पानावर आहे, हे आधी पाहावे आणि नक्षी त्यानंतर. एवढा क्रम पाळला तरी निम्म्या चुका टळतात.

नत्र कमी असेल तरही जुनी पाने आधी पिवळी पडतात, पण शिरांसकट सगळे पान एकसारखे फिके होते. पालाश कमी असेल तर जुन्या पानांच्या कडांजवळ आधी पांढरट-पिवळे ठिपके येतात आणि मग कडा करपतात. लसूणघासात हे ठिपके फार ठळक दिसतात. लोहाची कमतरता शेंड्याच्या अगदी कोवळ्या पानांवर येते. तिथेही शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी असते, म्हणून घोटाळा होतो. जागा लक्षात ठेवली तर घोटाळा होत नाही : तळाला मॅग्नेशियम, शेंड्याला लोह. मंगलाची कमतरता बहुधा मधल्या आणि कोवळ्या पानांवर दिसते.

वालावर पांढऱ्या माशीमुळे पसरणारा पिवळा मोझॅक हा विषाणूरोग येतो. कडधान्यांवरच्या अशा रोगाला शेतकरी केवडा किंवा हळद्या म्हणतात. त्यात भडक पिवळे डाग वेडेवाकडे पडतात, शिरांची मर्यादा पाळत नाहीत आणि कोवळ्या पानांवरही दिसतात. शेतात चार वेल पिवळे आणि शेजारचे चार हिरवेगार, असे विखुरलेले चित्रही रोगाकडे बोट दाखवते; अन्नद्रव्याची कमतरता सहसा पट्ट्यापट्ट्याने येते. शेवटी, शेंगा भरत असताना तळाची पाने आपोआप पिवळी पडतात. हा वेलाच्या वयाचा भाग आहे, आणि त्यावर कसलीही फवारणी करणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

6. खाडीपासून वरकसपर्यंत

पनवेल तालुक्याची जमीन मॅग्नेशियमच्या बाबतीत एकसारखी नाही. खाडीपासून माथेरान, प्रबळगड, कर्नाळ्याच्या डोंगरांपर्यंतचे अंतर थोडे, पण तेवढ्यात या एका द्रव्याचे चित्र पालटते.

मूळ खडक पाहिला तर मॅग्नेशियमची ददात असू नये. डोंगर काळ्या पाषाणाचे, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या बेसॉल्टचे आहेत, आणि या खडकात मॅग्नेशियमयुक्त खनिजे भरपूर असतात. हा खडक झिजतो तेव्हा मॅग्नेशियम सुटे होते. पण सुटे झालेले द्रव्य जमिनीत टिकेलच असे नाही. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उतारावरच्या वरकस जमिनीत मातीचा थर पातळ, पाणी झिरपून जाण्याचा वेग जास्त. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि चुना, मॅग्नेशियम, पालाश यांचे धनभारित कण त्याला धरून राहतात. मॅग्नेशियमच्या कणाभोवती पाण्याच्या रेणूंचे जाड वेष्टन असते, त्यामुळे चुन्याच्या मानाने त्याची पकड सैल राहते आणि पावसाच्या पाण्याबरोबर ते लवकर निसटते. त्याची जागा हायड्रोजन आणि ॲल्युमिनियम घेतात आणि जमीन आम्ल होते. दक्षिण कोकणातल्या, रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या, जांभ्याच्या जमिनींत ही प्रक्रिया शेवटच्या टप्प्याला पोहोचलेली आहे. तिथल्या मातीत द्रव्ये धरून ठेवण्याची ताकदच थोडी उरली आहे. पनवेलच्या वरकस माळांची गत इतकी टोकाची नाही, पण दिशा तीच आहे. गुरांची चराई नेमकी याच माळांवर होते.

मधल्या पट्ट्यातली भातखाचरे या मानाने सुदैवी. वरून वाहून आलेली बारीक माती आणि तिच्याबरोबरची द्रव्ये तिथे साठतात. भातानंतरचा वाल बहुतेक याच खाचरांत असतो, म्हणून त्यात मॅग्नेशियमची खरी टंचाई असण्याचा संभव कमी. तिथे अडचण आलीच तर ती पुढच्या भागात सांगितलेल्या चढाओढीमुळे येण्याची शक्यता जास्त.

आणि खाली खाडीकाठी उलटा प्रकार. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 1.3 ग्रॅम मॅग्नेशियम असते, चुना मात्र 0.4 ग्रॅमच. बांध फुटून किंवा झिरपून हे पाणी ज्या जमिनीत शिरते, त्या खारजमिनीत सोडियमबरोबर मॅग्नेशियमही भरपूर होते. उरण-पेणच्या मिठागरांत मीठ वेचून घेतल्यावर जे कडवट पाणी उरते, त्यात मॅग्नेशियमचे क्षारच प्रामुख्याने असतात. अशा जमिनींचा अभ्यास करणारे खारभूमी संशोधन केंद्र पनवेललाच आहे. ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे केंद्र असून ‘पनवेल-1’, ‘पनवेल-2’, ‘पनवेल-3’ या खारटपणा सोसणाऱ्या भाताच्या जाती तिथल्याच. वाल मात्र खारजमिनीत नीट येत नाही. तिथे त्याच्या पानांच्या कडा करपलेल्या दिसल्या, तर दोष मिठाचा असतो. अशा ठिकाणी मॅग्नेशियमचे खत टाकणे हे सरळ नुकसान आहे.

7. मुळाच्या दाराशी चढाओढ

माती तपासली, मॅग्नेशियम पुरेसे निघाले, तरी पानात ते कमी असू शकते. हे कोडे सुटण्यासाठी मुळाच्या दाराशी काय चालते ते पाहावे लागते.

सकाळी पनवेल स्थानकात लोकल लागते तेव्हा रिकाम्या हाताचा माणूस झटकन आत शिरतो आणि मोठे बोचके घेतलेला दारातच अडकतो. मुळाच्या दाराशी मॅग्नेशियमची अवस्था त्या बोचकेवाल्यासारखी असते. मघाशी सांगितलेले पाण्याचे वेष्टन हे त्याचे ओझे. पालाश आणि अमोनियम यांच्याभोवती असे जाड वेष्टन नसते. दारात त्यांची गर्दी झाली की मॅग्नेशियम मागे राहते. आम्ल जमिनीत ॲल्युमिनियम हा आणखी एक अडथळा. तो मुळांची टोकेच खुरटवतो, म्हणजे दारांची संख्याही कमी करतो.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळता येते. युरिया जमिनीत पडल्यावर त्यापासून आधी अमोनियम तयार होते. मॅग्नेशियमअभावी पिवळ्या पडलेल्या वालाला युरिया दिला, तर दारातली गर्दी वाढते. शिवाय नत्रामुळे नवी पालवी फुटून असलेले मॅग्नेशियम अधिक पानांत वाटले जाते. पोटॅशचा अतिरेकही असाच नडतो. याचा अर्थ पालाश देऊच नये असा नाही. चाऱ्याच्या पिकाची वारंवार कापणी होत असेल तर पालाश लागतेच. मात्रा माती पाहून ठरवावी, इतकेच.

येथे एक उणीव स्पष्टपणे नोंदवायला हवी. 2015 मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत मातीचे 12 गुणधर्म दिलेले असतात : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. मॅग्नेशियम आणि चुना त्यांत नाहीत. पत्रिकेत सगळे ‘पुरेसे’ दिसले म्हणून मॅग्नेशियमही पुरेसे आहे असे समजू नये. प्रयोगशाळेकडे त्याची वेगळी तपासणी मागावी लागते. पानाची तपासणी करायची असेल, तर शेंड्याकडून पहिली पूर्ण उमललेली पाने निवडतात. सुकवलेल्या पानात मॅग्नेशियम 0.2 टक्क्यांच्या खाली गेले, तर बहुतेक चराऊ द्विदल पिकांत कमतरतेचा संशय घ्यावा. 0.25 ते 0.4 टक्के ही समाधानकारक पातळी.

8. एका गुंठ्याचा हिशेब

एका गुंठ्यातून चाऱ्याच्या वालाचा 200 किलो हिरवा पाला कापून नेला असे धरू. त्यातले पाणी वजा करता कोरडा भाग सुमारे 20 टक्के, म्हणजे 40 किलो. त्यात 0.3 टक्के मॅग्नेशियम असेल, तर 120 ग्रॅम मॅग्नेशियम शेताबाहेर गेले.

हे फार आहे की थोडे? गुंठ्यातल्या वरच्या 15 सेंटिमीटर मातीचे वजन साधारण 22,000 किलो भरते. दर किलो मातीत पिकाला मिळू शकणारे मॅग्नेशियम 120 मिलिग्रॅम असेल, तर गुंठ्याचा साठा 2,640 ग्रॅम होतो. (हाच आकडा भारतात अनेक ठिकाणी पुरेशा आणि अपुऱ्या जमिनीची सीमा म्हणून वापरतात.) त्यातून 120 ग्रॅम गेले म्हणजे साडेचार टक्के, शिवाय खडकाच्या झिजेतून थोडी भरपाई होत असते. अशा खाचरात घाईने खत देण्याचे कारण नाही. वरकस जमिनीत हाच आकडा 40 मिलिग्रॅम असेल, तर साठा 880 ग्रॅमचा. एका कापणीत त्याचा सातवा भाग निघून जातो. वर्षात दोन-तीन कापण्या झाल्या आणि पावसाने आपला वाटा नेला, तर ती जमीन लवकरच रिकामी होईल.

9. भरपाई

युरिया, डीएपी आणि म्युरिएट ऑफ पोटॅश या रोजच्या खतांत मॅग्नेशियमचा पुरवठा म्हणता येईल असे काही नसते. ते वेगळे द्यावे लागते आणि त्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग मॅग्नेशियम सल्फेटचा. खताच्या दुकानात मिळणाऱ्या या पांढऱ्या स्फटिकांत मॅग्नेशियम 10 टक्क्यांच्या थोडे खाली असते. मागच्या हिशेबातले 120 ग्रॅम भरून काढायला गुंठ्याला सव्वा किलो पुरे. उभ्या पिकात खूण दिसली असेल तर फवारणी लवकर लागू पडते : एका लिटर पाण्यात 10 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 150 ग्रॅम. फवारणी उतरत्या उन्हात करावी, पानांची खालची बाजूही भिजवावी आणि दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा करावी. चुन्याच्या किंवा स्फुरदाच्या विद्राव्य खतात हे मिसळू नये. साका तयार होतो. पूर्ण पिवळी झालेली पाने पुन्हा हिरवी होत नाहीत. नंतर येणाऱ्या पानांवर खूण दिसते का, त्यावरून उपायाची पारख करावी.

दुसरा मार्ग डोलोमाइटचा. हा चुना आणि मॅग्नेशियम दोन्ही असलेला दगड आहे. विदर्भात चंद्रपूर-यवतमाळ भागात तो सापडतो. शुद्ध डोलोमाइटमध्ये मॅग्नेशियम 13 टक्के असते. दळून बारीक केलेली पूड आम्ल वरकस जमिनीत पेरणीपूर्वी मिसळली, तर आम्लता कमी होते, ॲल्युमिनियमचा त्रास घटतो आणि मुळांवरच्या गाठींनाही ते मानवते. स्टायलो आम्ल जमीन बरीच सोसतो. लसूणघास अजिबात सोसत नाही, त्याला हा उपाय जास्त उपयोगी. ही पूड सावकाश विरघळते, म्हणून उभ्या पिकाला तिचा लगेच उपयोग नाही. खाऱ्या आणि विम्ल जमिनीत डोलोमाइट वर्ज्य. तिथे सोडियम हटवायला निचरा आणि जिप्सम लागते.

10. पानातून गुरापर्यंत

चाऱ्यातले मॅग्नेशियम शेवटी गुराच्या रक्तात पोहोचायचे असते. गुराच्या शरीरातले बहुतेक मॅग्नेशियम हाडांत असते, पण गरज पडली की ते तिथून चटकन काढता येत नाही. त्यामुळे रोजच्या खाण्यातून रोज भर पडावी लागते.

400 किलो वजनाची आणि दिवसाला 10 लिटर दूध देणारी गाय घेऊ. दुधाच्या एका लिटरात सुमारे 0.12 ग्रॅम मॅग्नेशियम जाते, म्हणजे दिवसाला 1.2 ग्रॅम. शरीराची स्वतःची झीज साधारण तेवढीच. एकूण 2.4 ग्रॅम रक्तात पोहोचायला हवे. खाल्लेल्या मॅग्नेशियमपैकी जेमतेम पाचवा भाग अंगी लागतो, तेव्हा चाऱ्यात 12 ग्रॅम पाहिजे. गायीने 10 किलो कोरडा चारा खाल्ला आणि त्यात मॅग्नेशियम 0.2 टक्के असेल, तर 20 ग्रॅम मिळाले, चिंता नाही. 0.1 टक्का असेल तर 10 ग्रॅम, आणि तूट सुरू. चाऱ्यात पालाश फार असले तर अंगी लागण्याचे प्रमाण आणखी घसरते. मुळाच्या दाराशी चालते तशीच चढाओढ गायीच्या पोटातही चालते.

रक्तातले मॅग्नेशियम फार खाली गेले की जनावर बिथरते, थरथरते, अडखळून पडते, झटके येतात आणि तातडीने उपचार न झाल्यास दगावते. हा रोग मुख्यतः थंड देशांतला. वसंतात लुसलुशीत, पालाशाने भरलेले गवत एकदम खाणाऱ्या दुभत्या गायींना तो होतो. नेदरलँड्समध्ये यावर पुष्कळ काम झाले आणि 1957 मध्ये तिथल्या केम्प आणि हार्ट या संशोधकांनी एक गुणोत्तर सुचवले. चाऱ्यातल्या पालाशाला चुना आणि मॅग्नेशियमच्या बेरजेने भागायचे (तिन्ही त्यांच्या विद्युतभाराच्या एककात मोजून), आणि उत्तर 2.2 च्या वर गेले तर धोका समजायचा. पालाश 3 टक्के, चुना 0.4 आणि मॅग्नेशियम 0.15 टक्के असलेल्या गवताचे उत्तर 2.4 च्या आसपास येते. पालाश 2.5, चुना 1.3 आणि मॅग्नेशियम 0.3 टक्के असलेल्या द्विदल पाल्याचे उत्तर 0.7 येते. फरक एवढा मोठा असण्याचे श्रेय मॅग्नेशियमपेक्षा चुन्याला जास्त आहे. द्विदल वनस्पती दोन्ही द्रव्ये मोकळ्या हाताने घेतात. कोकणच्या उष्ण हवेत हा रोग तीव्र रूपात फारसा आढळत नाही. तरीही भाताच्या पेंढ्यावर काढलेल्या उन्हाळ्यात दुभत्या गायीपुढे वालाचा किंवा चवळीचा पाला पडला, तर प्रथिनांबरोबर ही द्रव्येही तिला मिळतात.

अंगी न लागलेले चार पंचमांश मॅग्नेशियम शेणात उतरते. शेणखत शेतात परतले तर ते मातीत येते. कोकणात भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात. कवळ, पाला आणि शेण जाळल्यावर उरलेल्या राखेत चुना, पालाश आणि मॅग्नेशियम तिन्ही असतात. माळावरच्या झाडांनी खोलवरून ओढलेले मॅग्नेशियम अशा रीतीने खाचरात येते. माळाला मात्र त्यातून काही परत मिळत नाही. कवळ तोडून खाली नेली जाते आणि चरणाऱ्या गुरांचे शेण बरेचसे गोठ्यात पडते. त्यामुळे वरकसवर स्टायलो किंवा दशरथ घास लावायचा असेल, तर शेणखताचा आणि डोलोमाइटचा पहिला वाटा खाचराआधी त्या माळाला द्यावा.